१,७६,६३,१९,०४९ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटणादेवीला शाळेची सहल नेली की परतीच्या गाडीत मी मुलांना हा आकडा सांगतो. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यातही तो कायम लिहिलेला असतो. त्यामुळे गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत राहतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, एकदा तर चाळीसगावच्या बसस्टँडवर चहावाल्यानेही विचारलं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

हा आकडा वाचायचा कसा?

एक अब्ज, शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार, एकोणपन्नास. अब्ज म्हणजे शंभर कोटी. हल्ली कुणी अब्ज म्हणत नाही, सगळे ‘एकशे शहात्तर कोटी’ म्हणतात. तसं म्हटलं तरी चालेल.

दहा आकडी आहे. कुणाचा मोबाइल नंबर तर नाही ना?

नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. हा १ ने सुरू होतो, बिनधास्त लिहा.

मग आहे तरी काय?

एका कोड्याचं उत्तर. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’मध्ये विचारलेलं कोडं असं: अशी एक पूर्ण संख्या सांग, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा एक पूर्ण वर्गच मिळेल.

उत्तर दोन संख्यांचं आहे. शोधायची ती धाकटी संख्या २२,६१,५३,९८०. तिचा वर्ग ६१ ने गुणून १ मिळवला की जो वर्ग येतो, त्याचं वर्गमूळ म्हणजे आपला फळ्यावरचा आकडा. भास्कराचार्य धाकटीला ‘कनिष्ठ’ म्हणतात, थोरलीला ‘ज्येष्ठ’, ६१ ला ‘प्रकृती’ आणि मिळवलेल्या १ ला ‘क्षेप’. एकूण प्रकरणाचं नाव वर्गप्रकृती. ही नावं मला फार आवडतात, घरातल्या भावंडांसारखी वाटतात. खाली मी तीच वापरणार आहे.

शून्य आणि एक ही जोडी (शून्याचा वर्ग गुणिले ६१, अधिक १, बरोबर १) उत्तर म्हणून चालत नाही. दरवर्षी एक तरी हुशार पोरगं ती घेऊन येतं.

खरंच बरोबर येतं का? पडताळून दाखवा.

ज्येष्ठाचा वर्ग: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१.

कनिष्ठाचा वर्ग गुणिले ६१: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४००.

फरक १. एकोणीस आकडी दोन संख्या, आणि फक्त शेवटच्या घरात एकाचा फरक. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी जी स्थानांची नावं दिली आहेत, ती परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. हा वर्ग एकतीस परार्धांच्या वर जातो, म्हणजे यादीतलं शेवटचं नावही अपुरं पडतं.

मी एक्सेलमध्ये करून पाहिलं. फरक शून्य आला. म्हणजे भास्कराचार्य चुकले?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. भास्कराचार्य चुकले नाहीत, एक्सेल थकलं. एक्सेल फक्त पहिले पंधरा अंक सांभाळतं, पुढचे शून्य करून टाकतं. त्याला दोन्ही वर्ग ३११९८८२९८२८६०२६०००० असेच दिसतात. मग वजाबाकी शून्य येणारच. ज्या एकासाठी सगळा खटाटोप, नेमका तोच गळतो. पायथॉन या संगणकभाषेत करा, तिथे पूर्ण संख्या कितीही मोठी चालते. नाहीतर वही घ्या. आमच्या आठवीच्या मुलींनी वहीत केलंय, दोन तास लागले आणि एकदा हातचा चुकला.

हे चित्रात दाखवता येईल का? नुसत्या आकड्यांनी काही डोळ्यांपुढे येत नाही.

येईल, पण चित्र मोठं आहे. असं समजा की एक चौरस वावर आहे, बाजू २२,६१,५३,९८० मिलिमीटर. म्हणजे २२६ किलोमीटरच्या थोडं वर. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले, तरी अशा एका वावराचं जेमतेम निम्मं भरतं. आता अशी ६१ वावरं घ्या आणि त्या सगळ्या जमिनीचं एकच मोठं चौरस वावर करायला बसा. बाजू येईल १,७६६ किलोमीटर आणि क्षेत्रफळ ३१ लाख १९ हजार ८८३ चौरस किलोमीटर. भारताचं क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार २६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास देशाएवढं वावर.

आणि ते चौरस पूर्ण व्हायला जागा कमी पडते किती, तर एक चौरस मिलिमीटर. खसखशीचा एक दाणा टेकेल एवढी.

हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता होते. मग मागच्या बाकावरून येतं, “सर, बांधावरून भांडण होईल.”

६१ मध्येच एवढं काय आहे? ६० किंवा ६२ का नाही घेतला?

घेऊन बघा ना! ६० चं उत्तर ४ आणि ३१: चाराचा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजेच ३१ चा वर्ग. ६२ चं उत्तर ८ आणि ६३. ६३ चं तर १ आणि ८, तोंडीच. ५९ ला थोडं जास्त, ६९ आणि ५३०. या सगळ्यांच्या मध्ये ६१ बसलाय, आणि त्याचं उत्तर एकदम अब्जात. शंभराच्या आतल्या कुठल्याही संख्येचं सर्वांत छोटं उत्तर एवढं मोठं नाही. त्याला मागे टाकणारी पहिली संख्या १०९, तिचं ज्येष्ठ पंधरा आकडी आहे.

कारण थोडं सविस्तर सांगावं लागेल. ६१ चं वर्गमूळ ७ आणि वर थोडं. ते वरचं थोडं उलटं करा (म्हणजे १ ला त्याने भागा), त्यातला पूर्ण भाग बाजूला लिहा, उरलेलं पुन्हा उलटं करा. असं करत राहिलं की बाजूला लिहिलेले आकडे येतात १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच. अकरा आकड्यांचं चक्र. शेवटचा १४ सोडला तर डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखंच. ६२ साठी हेच केलं तर चक्र चारच आकड्यांचं: १, ६, १, १४. साधारणपणे चक्र जेवढं लांब, तेवढं उत्तर मोठं.

६१ च्या बाबतीत आणखी एक खोडी आहे. चक्राची लांबी ११, विषम. विषम लांबीचं चक्र एकदा पूर्ण झालं की क्षेप १ ऐवजी उणे १ येतो. तिथे कनिष्ठ ३,८०५ आणि ज्येष्ठ २९,७१८ मिळतात: २९,७१८ चा वर्ग हा ६१ गुणिले ३,८०५ चा वर्ग यापेक्षा एकाने कमी. म्हणजे उत्तराच्या दारात येऊन चुकीच्या बाजूला उभं राहायचं. अधिक १ हवा असेल तर अख्खी दुसरी फेरी मारावी लागते, आणि त्या फेरीत पाच आकडी संख्या दहा आकडी होते.

एकेक संख्या तपासत गेलं तर किती वेळ लागेल?

सेकंदाला एक, रात्रंदिवस, जेवणखाण सोडून: सात वर्षं दोन महिने. मोबाइलला काही क्षण. म्हणून मोबाइलवाल्याला ही गंमत कळत नाही, असं माझं मत. मुलं म्हणतात मी जुन्या वळणाचा आहे.

मग भास्कराचार्यांनी कसं काढलं?

चक्रवाल पद्धतीने. सगळी आकडेमोड एका पानात बसते, म्हणून पूर्ण देतो. पेन घ्या.

सुरुवात सोप्या जोडीने: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८. आठाचा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. क्षेप ३. आपल्याला १ हवाय.

आता असा एक गुणक शोधायचा, की कनिष्ठ गुणिले गुणक अधिक ज्येष्ठ याला क्षेपाने नि:शेष भाग जाईल, आणि गुणकाचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. १ गुणिले ७ अधिक ८ म्हणजे १५, त्याला ३ ने भाग जातो. गुणक ४ किंवा १० घेतला तरी भाग जातो, पण ४९ जेवढा ६१ च्या जवळ, तेवढे १६ आणि १०० नाहीत. म्हणून गुणक ७.

नवं कनिष्ठ: १५ भागिले ३, म्हणजे ५. नवा क्षेप: ४९ वजा ६१, भागिले ३, म्हणजे उणे ४. नवं ज्येष्ठ: ८ गुणिले ७ अधिक ६१, म्हणजे ११७, भागिले ३, म्हणजे ३९. ताळा करा: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. फरक उणे ४. बरोबर.

खरं तर हेच चक्र फिरवत राहिलं तरी उत्तर येतं. पण क्षेप उणे ४ आला की भास्कराचार्य जवळची वाट धरतात, आणि ती वाट त्यांच्याही पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तांनी घालून दिलेली. दोन्ही संख्या निम्म्या करायच्या: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १. मग ‘भावना’ करायची. भावना म्हणजे दोन जोड्यांचा एक खास गुणाकार: नवं ज्येष्ठ म्हणजे ज्येष्ठांचा गुणाकार अधिक ६१ वेळा कनिष्ठांचा गुणाकार, नवं कनिष्ठ म्हणजे तिरप्या गुणाकारांची बेरीज. क्षेपांचाही गुणाकार होतो.

जोडीची स्वतःशीच भावना: ज्येष्ठ १५२३/२, कनिष्ठ १९५/२, क्षेप १. क्षेप हवा तो आला, पण अपूर्णांक राहिले. ही जोडी आणि आधीची जोडी यांची भावना: ज्येष्ठ २९,७१८, कनिष्ठ ३,८०५, क्षेप उणे १. अपूर्णांक गेले, क्षेप बिघडला. वर सांगितलेलं दार ते हेच. आता हिची स्वतःशी भावना: ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, कनिष्ठ २२,६१,५३,९८०, क्षेप १.

झालं! सात वर्षं दोन महिन्यांऐवजी एक पान. मला विचाराल तर थोरवी आकड्यात नाही, या पानात आहे. आकडा कुणीही फळ्यावर लिहील.

या संख्येचे अवयव कोणते? मूळ संख्या आहे का?

मूळ नाही. अवयव चार: ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही मूळ आहेत, आणि चौघांनाही २४ ने भागलं तर बाकी ११ च उरते. हा नुसता योगायोग नाही. आपल्या संख्येतून १ वजा केला की २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट मिळते. एवढ्यावरूनच ठरतं, की तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ८ ने भागून बाकी १ किंवा ३ च उरू शकते. १५२३ सोडून बाकीच्या तिघांना ३ बद्दलचीही अशीच एक अट लागू होते, आणि मग २४ ने भागल्यावरच्या त्यांच्या बाकीला १ आणि ११ असे दोनच पर्याय राहतात. चौघांनीही ११ च निवडली, तेवढा भाग मात्र नशिबाचा. चौघांचा गुणाकार मात्र २४ ने भागल्यावर १ बाकी ठेवतो.

१ मिळवला तर मिळते ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे पुन्हा वर्गच लपलेला. संख्येच्या डाव्या हाताला एक वर्ग, उजव्या हाताला दुसरा.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिता येत नाही, कारण तिच्या मूळ अवयवांना ४ ने भागल्यावर ३ बाकी उरते आणि प्रत्येक अवयव एकदाच येतो.

धाकट्या भावंडाचे अवयव भरपूर: २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१. ज्येष्ठाला विभाजक १६, कनिष्ठाला १४४. धाकट्याला सगळे भाग घालायला तयार, थोरल्याकडे कुणी फिरकत नाही.

याचा उपयोग काय? (एका विद्यार्थिनीच्या आजीने अहिराणीत विचारलं होतं: “इतला मोठा आकडा, काय कामना शे?”)

आजींना मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, इथे देतो. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा, ६१ चं वर्गमूळ मिळतं: ७.८१०२४९६७५९०६६५४३९. दशांश चिन्हानंतर सतरा अंक बरोबर, चूक अठराव्यात सुरू होते. ज्या काळी गुणाकार धुळपाटीवर व्हायचे, तेव्हा एका भागाकारात एवढं अचूक वर्गमूळ मिळणं ही मोठीच सोय. बाजारहाटाला लागत नाही, हे आजींचं म्हणणं मान्य.

असं उत्तर प्रत्येक संख्येला मिळतं का?

४, ९, १६ अशा पूर्ण वर्गांना नाही. बाकी प्रत्येक पूर्ण संख्येला मिळतंच, आणि एक मिळालं की भावना करत करत अगणित मिळतात. ६१ चं पुढचं ज्येष्ठ: ६२,३९,७६,५९,६५,७२,०५,२८,८०१. उत्तर नेहमी असतंच, याची पक्की सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांज या गणितज्ञाने दिली.

हे समीकरण पेल नावाच्या इंग्रजाचं आहे ना? पुस्तकात तसं आहे.

नाव त्याचं, काम त्याचं नाही. ऑयलर या गणितज्ञाने गैरसमजातून त्याचं नाव जोडलं आणि ते चिकटलं. युरोपातली गोष्ट सुरू होते १६५७ मध्ये. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने इतरांना आव्हान दिलं, आणि उदाहरणांत नेमका ६१ आणि १०९ घेतला. फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत, अशी मखलाशीही केली. भास्कराचार्यांचं पुस्तक ११५० चं, म्हणजे पाचशे सात वर्षं आधीचं. दोघांनी वेगवेगळ्या देशांत तोच ६१ निवडला, कारण चांगला परीक्षक अवघड प्रश्न बरोबर हुडकतो.

इथे एक स्पष्ट सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर भलतंच फिरतं. चक्रवाल पूर्णपणे भास्कराचार्यांनी शोधली असं नाही. जयदेव नावाच्या गणितज्ञाची तशीच पद्धत १०७३ मधल्या एका टीकाग्रंथात उद्धृत झालेली सापडते. आणि भावना तर ब्रह्मगुप्तांची, ६२८ ची. ९२ साठी हेच कोडं जो वर्षभरात सोडवेल तो गणिती, असं ब्रह्मगुप्त म्हणतात. त्याचं उत्तर १२० आणि ११५१. बघा तुम्हाला किती दिवस लागतात.

भास्कराचार्य आपल्या पाटणचेच ना?

चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटण आहे. तिथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख सापडला. चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराचार्य स्वतः मात्र आपलं गाव सह्याद्रीजवळचं ‘विज्जडविड’ असं सांगतात. ते नेमकं कोणतं, यावर वाद आहे, आणि बाकीचे जिल्हेही हक्क सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की जन्माचं गाव कुठलंही असो, आजोबांचं गणित शिकवायची शाळा मात्र इथे होती. मुलांना मी तेवढंच सांगतो. एका शिक्षकाला तेवढं पुरतं.

आकडा पाठ कसा ठेवायचा? चुकला तर कसं कळेल?

पाठ ठेवायची गरज नाही, २९,७१८ लक्षात ठेवा. त्याच्या वर्गाची दुप्पट अधिक एक.

चूक पकडायला दोन ताळे. पहिला नऊचा: अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. म्हणजे ९ ने भागून बाकी १ उरली पाहिजे. दुसरा अकराचा: उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-वजा करत जा, ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १, उत्तर शून्य आलं पाहिजे, कारण ११ हा अवयव आहे.

दोन्ही ताळे का, ते मी पैसे मोजून शिकलो. विज्ञान प्रदर्शनासाठी बॅनर छापून घेतला, मोठ्या अक्षरात. छापणाऱ्याने मधलं शून्य खाल्लं: १७६६३१९४९. मी घाईत नऊचा ताळा केला, बाकी १ आली, पैसे देऊन घरी आलो. शून्य गेल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, हे सातवीतल्या मुलीने दाखवलं. तिने अकराचा ताळा केला होता, तिला १० आले.

तो बॅनर अजून आहे का?

आहे, प्रयोगशाळेच्या दारावर. ९ आणि ४ च्या मध्ये मार्करने बारीक शून्य घुसवलंय. त्या मुलीच्याच हातचं आहे.